बाटली विकण्याआधी एक प्रश्न विचारा

प्रति,
आंतरराष्ट्रीय विमानतळांचे व्यवस्थापक, तिथली ड्युटी फ्री दुकानं चालवणाऱ्या कंपन्या, विमान कंपन्या आणि देशोदेशींची कस्टम्स खाती

विषय : रीतसर विकत घेतलेली दारूची बाटली प्रवासात मध्येच जप्त होते, त्याबाबत

सप्रेम नमस्कार.

माझे पहिले साहेब निवृत्त होत होते. ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो, त्यांच्यासाठी परदेशाहून परतताना बारा वर्षं मुरलेल्या सिंगल माल्ट व्हिस्कीची एक बाटली घेतली. मी स्वतः क्वचित पितो आणि बाटली आणण्याची वेळ तर त्याहून क्वचित येते, त्यामुळे यातल्या खाचाखोचा मला ठाऊक नव्हत्या. विमानतळावरच्या दुकानात काउंटरवरच्या मुलीने बोर्डिंग पास मागितला, मशीनखाली धरला, बिल काढलं. बाटली तिच्या पुठ्ठ्याच्या नळकांड्यात, नळकांडं दुकानाच्या जाड कागदी पिशवीत, पिशवीला दोरीचे बंद. पाच मिनिटांत व्यवहार संपला.

चार तासांनी मधल्या विमानतळावर उतरलो. पुढचं विमान पकडण्याआधी तिथे पुन्हा सुरक्षा तपासणी होती. माझी पिशवी पट्ट्यावरून आत गेली आणि बाहेर येताना बाजूच्या रांगेत वळली. तिथला अधिकारी तरुण होता, उद्धट अजिबात नव्हता. त्याने बिल वाचलं, त्यावरची तारीख पाहिली आणि विचारलं, "सीलची पिशवी कुठे आहे?" मला वाटलं, तो कागदी पिशवीबद्दल बोलतोय, म्हणून मी तीच पुढे केली. त्याने मान हलवली. माझी मोठी बॅग पहिल्याच विमानतळावर सामानात गेली होती, पुढच्या विमानाला पाऊण तास उरला होता. त्याने दोन्ही हातांनी बाटली उचलून पायाशी ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये ठेवली. आपटली नाही, नीट ठेवली. क्रेटमध्ये आधीच पाच-सहा बाटल्या होत्या. एकीच्या गळ्याला बांधलेली रिबन अजून तशीच होती.

हे पत्र त्या क्रेटमुळे लिहितोय. दुकानाने बाटली कायदेशीर विकली, मी कायदेशीर विकत घेतली, त्या अधिकाऱ्याने नियमाप्रमाणेच काम केलं. तिघांपैकी कुणीही नियम मोडला नाही आणि तरी बाटली गेली. हे माझ्या एकट्याच्या बाबतीत घडलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण क्रेट रिकामा नव्हता.

नियमाबद्दल माझी तक्रार नाही. ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटनमध्ये द्रव स्फोटकांनी विमानं उडवण्याचा कट उघडकीला आला आणि तेव्हापासून हातातल्या सामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या भांड्यातला द्रव नेण्यावर जगभर बंदी आली. बंदी आली तेव्हाच प्रश्न पडला की सुरक्षा तपासणीच्या पलीकडे विकल्या जाणाऱ्या बाटल्यांचं काय. त्यावर उत्तरही शोधलं गेलं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने एका खास पिशवीचे निकष ठरवले. पारदर्शक पिशवी, लाल किनार, आत बाटली आणि बाहेरून वाचता येईल असं बिल. एकदा चिकटवली की उघडल्याचं लगेच दिसतं. शेवटच्या मुक्कामाला पोहोचेपर्यंत ती उघडायची नाही. म्हणजे माझ्यावर आलेला प्रसंग टाळण्याची सोय कधीचीच तयार आहे. त्या मुलीच्या काउंटरखाली बहुधा त्या पिशव्यांचा गठ्ठाही असेल. मला ती पिशवी लागणार होती, एवढंच तिने विचारलं नाही आणि मला सांगायचं सुचलं नाही.

तिने बोर्डिंग पास तर पाहिला होता. पण त्यावर माझ्या पुढच्या विमानाचं ठिकाण होतं, माझ्या शेवटच्या मुक्कामाचं नव्हतं. यंत्राला कळलं की प्रवासी देशाबाहेर चालला आहे, करमाफी लागू आहे. दुकानाला हवं तेवढं कळलं आणि माझ्या कामाचं होतं ते तसंच राहिलं. "तुम्ही पुढे कुठे जाणार? मध्ये विमान बदलणार का?" एवढे दोन प्रश्न त्या काउंटरवर कुणी विचारले तर क्रेटमधल्या बऱ्याचशा बाटल्या वाचतील, याची मला खात्री आहे.

त्यापुढे आणखी एक गुंता आहे आणि तो सीलच्या पिशवीनेही सुटत नाही. अमेरिकेला जाणाऱ्याचं उदाहरण घ्या. तिथे पहिल्या विमानतळावर बहुतेकांना आपलं सामान पट्ट्यावरून उचलून कस्टम्समधून न्यावं लागतं आणि पुढचं विमान असेल तर ते पुन्हा जमा करावं लागतं. ड्युटी फ्रीची बाटली पुढच्या देशांतर्गत विमानात हातात न्यायची तर ती परदेशात घेतलेली हवी, सीलच्या पिशवीत हवी, ४८ तासांच्या आत घेतलेली हवी, आणि यंत्रातून तपासताना काही शंका आली तर तरीही अडवली जाऊ शकते. बाटली चेक-इन बॅगेत घालून टाकणं हा त्यावरचा साधा उपाय, आणि तो करण्याची संधी नेमकी तिथेच असते, कारण बॅग त्या वेळी आपल्या हातात असते. पण लांबच्या प्रवासाने शिणलेला माणूस बॅग उचलतो, ढकलगाडीवर ठेवतो, पुढच्या पट्ट्यावर सोडून देतो आणि बाटली हातात धरून तपासणीच्या रांगेत जाऊन उभा राहतो. बॅग गेल्यावर त्याला कळतं. बॅग जमा करतात त्या पट्ट्याच्या वर मोठ्या अक्षरांत एक पाटी लावा : हातातली बाटली आत्ताच बॅगेत घाला. तिला कितीसा खर्च येणार?

आता तर काही विमानतळांवर सामान तपासायचे नवे सीटी स्कॅनर आले आहेत आणि तिथे १०० मिलिलिटरची अट उठली आहे. चांगली गोष्ट आहे. पण त्यामुळे गोंधळ वाढलाय. निघताना भरलेली बाटली हातातल्या बॅगेत घेऊन माणूस सहज आत जातो, कुणी हटकत नाही, म्हणून त्याला वाटतं की सगळीकडे असंच असणार. विमान बदलायला उतरतो तिथे जुनं यंत्र आणि जुनाच नियम. ज्या विमानतळाने अट उठवली, त्यानेच प्रवाशाला हे सांगायला हवं की ही मोकळीक पुढच्या विमानतळावर असेलच असं नाही.

विमान कंपन्यांशी थोडं वेगळं बोलायचं आहे.

चेक-इनच्या रांगेत एकदा माझ्या पुढे एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांच्या मोठ्या भावाने घरी गाळलेली दारू त्यांनी पाण्याच्या साध्या प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून घेतली होती. बाटली दोनदा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, वर लोकरी मफलर. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, बॅगेत काही द्रव आहे का. त्यांनी अभिमानाने मफलर सोडून बाटली दाखवली. बाईंनी शांतपणे समजावलं की हे नेता येणार नाही. कारण साधं आहे. २४ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेल्या पेयांना, म्हणजे बिअर आणि वाइनला, विमानातल्या धोकादायक मालाचे निर्बंध लागत नाहीत. २४ ते ७० टक्क्यांपर्यंतची दारू माणशी ५ लिटरपर्यंत नेता येते, पण ती दुकानात विकतात तशा पॅकिंगमध्येच असावी लागते. ७० टक्क्यांच्या वरची हातातही नेता येत नाही आणि सामानातही नाही, कारण ती सहज पेट घेते. बिनलेबलच्या बाटलीत किती टक्के आहे, हे कोण सांगणार?

गृहस्थांचा चेहरा उतरला. पण भाऊ अजून तिथेच होता, दोरीच्या पलीकडे. त्यांनी परत जाऊन बाटली त्याच्या हातात दिली, दोघं काहीतरी बोलले, भावाने मफलर मात्र परत गळ्यात घातली. बाटली नेता आली नाही, पण कचऱ्यातही गेली नाही. नियम माझ्या वेळी होता तितकाच कडक होता. फरक एवढाच की त्यांना तो वेळेत कळला, बाटली परत घेणारं माणूस समोर उभं असताना कळला. मी आपल्याला जे काही मागतोय, ते सगळं या एका फरकात आलं.

आणि विमान कंपन्यांना हे अवघड नाही. आपल्या काउंटरवरची माणसं प्रत्येक प्रवाशाचा पासपोर्ट आणि व्हिसा कुठे चालतो हे टायमॅटिक नावाच्या यंत्रणेत बघतात. त्या यंत्रणेचा उगम ज्या प्रवास-माहिती पुस्तिकेत आहे, तिच्यात देशोदेशींचे कस्टम्सचे नियमही दिलेले असतात. म्हणजे माहिती आपल्याकडे आहे. तिकीट काढल्यावर जो ईमेल येतो त्यात बॅटऱ्यांबद्दल परिच्छेदच्या परिच्छेद असतात, आणि ते असायलाच हवेत. त्याखाली बाटल्यांबद्दल चार ओळी घाला : टक्के किती, लिटर किती, पॅकिंग कसं, विमान बदलताना काय. हेही सांगा की आपल्याजवळची बाटली विमानात उघडून पिणं बऱ्याच ठिकाणी नियमाविरुद्ध आहे. अमेरिकी विमानांत कर्मचाऱ्यांनी दिल्याशिवाय स्वतःची दारू पिता येत नाही, असा स्पष्ट नियम आहे. अनेकांना वाटतं, आपण विकत घेतली म्हणजे आपली झाली. शिवाय सील तोडलं की पुढच्या तपासणीत तीच बाटली अडते, ते वेगळंच.

आता कस्टम्स खात्यांकडे येतो. इथला गोंधळ सगळ्यात जुना आहे आणि त्याचं मूळ दुकानाच्या पाटीवरच्या "ड्युटी फ्री" या दोन शब्दांत आहे.

१९४७ मध्ये आयर्लंडच्या शॅनन विमानतळावर पहिलं ड्युटी फ्री दुकान सुरू झालं. देश सोडून जाणाऱ्या माणसाकडून त्या देशाने कर घेऊ नये, ही त्यामागची कल्पना. अगदी न्याय्य कल्पना. पण यात माफ होतो तो विकणाऱ्या देशाचा कर. ज्या देशात तुम्ही उतरणार, त्याचा कर त्या दुकानाने माफ केलेला नाही, करूही शकत नाही. माझ्या ओळखीतल्या शिकल्यासवरल्या, खूप फिरलेल्या माणसांनाही असं वाटतं की ड्युटी फ्रीमधून घेतलेल्या मालावर उतरल्यावर काही भरावं लागत नाही. त्यांची चूक नाही. पाटीवर "करमुक्त" लिहिलंय आणि कुठला कर, ते कुठेच लिहिलेलं नाही. सवलतीत तीन बाटल्या घ्या, चौथीवर सूट, असा फलक त्याच पाटीखाली असतो. ज्या देशात एकाच बाटलीला परवानगी आहे तिकडे चाललेला माणूसही तो फलक वाचतो.

नियम खरंच किती वेगवेगळे आहेत, ते पाहा. अमेरिकेत साधारणपणे १ लिटरवर कर लागत नाही, वय मात्र २१ हवं. ऑस्ट्रेलियात सव्वादोन लिटर, वय १८. कॅनडात स्पिरिटचे (म्हणजे व्हिस्की, रम अशा कडक दारूचे) १.१४ लिटर, किंवा वाइनचे दीड लिटर, किंवा बिअरचे साडेआठ लिटर, या तिन्हींपैकी एक. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्याला २२ टक्क्यांवरची १ लिटर, आणि त्याखेरीज ४ लिटर वाइन आणि १६ लिटर बिअर. ब्रिटनमध्ये स्पिरिटचे ४ लिटर. सिंगापूरला मलेशियाहून आलात तर सवलत नाहीच, आणि दुसरीकडून आलात तरी ४८ तास देशाबाहेर राहिलेलं असावं लागतं. सौदी अरेबिया आणि कुवेतमध्ये बाटली आणायचीच नाही. प्रत्येक देशाला आपल्या दारात काय येऊ द्यायचं हे ठरवण्याचा पूर्ण अधिकार आहे. दारूच्या बाबतीत तर तो असायलाच हवा, कर आणि आरोग्य दोन्ही त्यात गुंतलेले आहेत. पण माणूस हे सगळं पाठ करून प्रवासाला निघेल अशी अपेक्षा ठेवणं बरोबर नाही.

त्यात एक बारकावा असा आहे की तो ठाऊक नसला तर खिशाला जबर फटका बसतो. बहुतेकांचा समज असतो की मर्यादेपेक्षा एक बाटली जास्त झाली तर त्या एका बाटलीवरच कर लागेल. ऑस्ट्रेलियात आणि ब्रिटनमध्ये तसं नाही. मर्यादा ओलांडली की त्या प्रकारातल्या सगळ्याच दारूवर कर लागतो, मर्यादेच्या आतल्या बाटल्यांवरसुद्धा. चौथीवरची सूट अशी उलटी फिरते. कुटुंबाचंही तसंच. नवरा-बायको आणि दोन लहान मुलं असतील तर चौघांची मर्यादा एकत्र धरता येत नाही. मुलांना दारूची सवलतच नसते, ती फक्त मोठ्यांना. चार पासपोर्ट पुढे करून चार बाटल्या नेता येतील असं समजून आलेल्या बापाला मुलांसमोर सुनावलं जाताना मी पाहिलंय. तो माणूस तस्कर नव्हता. त्याने कॅरिअर बॅगेतून चारही बिलं स्वतःहून काढून दाखवली होती.

जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या सुधारित क्योटो करारात प्रवाशांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात शिफारस आहे की निदान २ लिटर वाइन किंवा १ लिटर स्पिरिट करमुक्त आणू द्यावं. कस्टम्सला दाखवण्याजोगं काही असेल त्यांच्यासाठी लाल आणि नसेल त्यांच्यासाठी हिरवी अशा दोन वाटा ठेवाव्यात, असंही त्यात आहे. प्रवाशांना कस्टम्सची माहिती देशाच्या भाषेत आणि उपयोगी पडतील अशा इतर भाषांत मिळावी, हेही आहे. माहिती मिळते, मी नाकारत नाही. पण कुठे मिळते? सामानाचा पट्टा ओलांडल्यावर, हिरव्या आणि लाल वाटेच्या तोंडाशी लावलेल्या फलकावर. तिथपर्यंत पोहोचलेल्या माणसाच्या हातात बाटली असतेच. मागे वळून ती परत करायला दुकान नाही, पलीकडे घ्यायला भाऊ नाही. तो फलक निघण्याच्या ठिकाणी हवा, दुकानाच्या काउंटरवर हवा. आपल्या देशाकडे येणाऱ्या विमानांच्या दारांशी तो लावण्याची विनंती आपण परक्या विमानतळांना करू शकता, आणि तेही हीच विनंती आपल्याला करतील.

लाल वाटेबद्दलही सांगायचं आहे. लोक तिला घाबरतात. लाल वाटेने जाणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, असं त्यांना वाटतं. म्हणून शंका असूनही हिरव्या वाटेने जातात, मग पकडले जातात आणि खरोखरच गुन्हेगार ठरतात. "शंका असेल तर इथे विचारा, विचारल्याबद्दल दंड नाही" अशी एक ओळ लाल वाटेवर लिहिली, आणि तिथे बसलेल्या माणसाने ती पाळली, तर स्वतःहून सांगणाऱ्यांची संख्या वाढेल आणि आपल्या अधिकाऱ्यांना खऱ्या तस्करांकडे बघायला वेळ मिळेल.

एक चांगलं उदाहरण आपल्यासमोर आहे. मालदीवमध्ये पर्यटकाला दारू आणायला मनाई आहे. पण विमानतळावर कस्टम्स ती बाटली ठेवून घेतं, पावती देतं आणि परत जाताना ती पावती दाखवली की बाटली परत मिळते. ज्या देशात दारू आणायलाच बंदी आहे, तो प्रवाशाची बाटली सांभाळून ठेवतो. मग ज्या विमानतळावरून माणूस नुसता पुढे जाणार आहे, तिथे तिची जागा क्रेटमध्ये का? परतीचा प्रवास त्याच वाटेने असेल तर पावती देऊन ठेवून घ्या. शुल्क लावा, प्रवासी देईल. किंवा ती बाटली सीलबंद करून पुढच्या विमानाच्या सामानात पाठवण्याची सोय करा. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये उतरल्यावर खरेदी करता येईल अशी ड्युटी फ्री दुकानं आहेत. ती जिथे आहेत तिथे निघतानाच्या दुकानाने ग्राहकाला तसं सांगावं. बाटली उतरल्यावर घेतली की मधली तपासणीच राहत नाही.

ड्युटी फ्री कंपन्यांचं म्हणणं काय असेल, त्याचा मी विचार केला आहे. काउंटरवरच्या मुलीने दीड-दोनशे देशांचे नियम पाठ करायचे का? नाही. तिने नुसतं शेवटचं ठिकाण विचारावं आणि यंत्रात टाकावं, जसा ती आज बोर्डिंग पास धरते. पडद्यावर दोन ओळी येतील आणि त्याच बिलाच्या मागे छापून निघतील : इथे इतके लिटर करमुक्त, वय इतकं, वाटेत तपासणी आहे म्हणून सीलची पिशवी घ्या. दुसरी शंका विक्री घटण्याची. थोडी घटेलही. ज्याला एकच न्यायची परवानगी आहे तो तीन घेणार नाही. पण ज्याची बाटली एकदा क्रेटमध्ये गेली, तो पुन्हा तुमच्या दुकानाची पायरी चढत नाही. मी चढलेलो नाही.

म्हणून विनंती अशी की हे सगळं एकदम सगळीकडे करू नका. एक विमानतळ निवडा, जिथून बरेच प्रवासी विमान बदलून पुढे जातात. तिथल्या एका दुकानाच्या सगळ्या काउंटरांवर तीन महिने तो प्रश्न विचारा आणि बिलामागे ती दोन ओळींची माहिती छापा. सुरुवात करण्याआधी पुढच्या विमानतळाला सांगून तिथल्या तपासणीजवळच्या क्रेटमधल्या, तुमच्या दुकानातून आलेल्या बाटल्या महिनाभर मोजून ठेवा. तीन महिन्यांनी पुन्हा मोजा.

आपला विश्वासू,
एक प्रवासी